तळ नसलेली टाकी

फोन आला तेव्हा माझ्या हातात एका बाईची वरची कवळी होती, मेणातली. मी कवळ्या बनवतो. बेलग्रेडमध्ये ट्रॅमच्या रस्त्यालगत एका तळघरात माझं काम चालतं, आणि इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे माणसं मला चेहऱ्यांपेक्षा हिरड्यांवरून जास्त आठवतात. "वितोमिरभाऊ, तुमच्या टाकीला तळच नाही!" पलीकडून स्रेतेन मिस्त्री ओरडत होता, कारण त्याच्या मागे टँकरचा पंप घरघरत होता. डॅन्यूबपलीकडच्या आमच्या गावातलं जुनं घर पाडून तिथंच नवं बांधायचं काम मी त्याला दिलं होतं. भिंती पाडून झाल्या होत्या, राडारोडा ट्रकमध्ये भरून तयार होता, आणि आज संडासाची जुनी टाकी उपसून तो सगळा तिच्यात लोटायचा असं ठरलं होतं. आमच्याकडे सगळे असंच करतात. "तळ नाही म्हणजे काय?" मी विचारलं. "म्हणजे उपसावं तर पुन्हा भरते. पुन्हा उपसली, पुन्हा पाणी. आणि आता येतंय ते चक्क नितळ आहे हो! मग वरचा सगळा स्लॅब फोडला आणि आरशानं आत ऊन पाडलं. विटांचं गोल बांधकाम आहे, थेट खालपर्यंत. ही टाकी नाही, विहीर आहे. तुम्हाला माहीत नव्हतं?" माझ्याच घराबद्दल मिस्त्रीनं मला सांगावं आणि मी तोंडाचा आ करावा, हे काही मला बरं वाटेना. "येतो मी. तोवर काही भरू नका," एवढं म्हणून मी फोन ठेवला. माझ्या अंगठ्याखाली त्या बाईचा एक सुळा वाकडा झाला होता.

मला खरंच माहीत नव्हतं. माझं लहानपण त्या स्लॅबवर गेलं होतं. अंगणात तेवढीच जागा सपाट आणि कोरडी होती. आईचं टोमॅटोचं वाळवण तिथंच, माझे गृहपाठ तिथंच, आणि उन्हाळ्यात कलिंगड फोडून आम्ही बसायचो तेही तिथंच. उडी मारली की खालून बारीक घुमल्यासारखा आवाज यायचा, म्हणून मी मुद्दाम उड्या मारायचो. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "उतर त्यावरून!" तिला मी पडेन अशी भीती वाटते, असं मी धरून चाललो होतो. आता तळघरात, मेणाच्या वासात, मला तो आवाज पुन्हा ऐकू यायला लागला, आणि तळपायांना मुंग्या आल्या. आपण एका विहिरीवर नाचत होतो. म्हणजे मैल्यानं भरलेल्या विहिरीवर, खरं तर, पण मला राहून राहून पाणीच दिसत होतं, काळं, थंड, आणि त्याच्यावर टोमॅटो वाळत घातलेले.

बाबांचं न्हाणीघर ही आमच्या गल्लीतली एक घटना होती. गावात नळ आला, आणि घरात संडास बांधणारे पहिले आमचे बाबा, द्रागुतिन. हिरव्या फरश्या, पांढरं भांडं, वरून लोंबणारी साखळी. पाहुण्यांना आधी राकियाचा, म्हणजे घरी गाळलेल्या फळांच्या दारूचा पेला, आणि मग लगेच न्हाणीघर. बाबा साखळी ओढायचे, पाणी खळाळून जायचं, आणि ते पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. मी त्यांच्या शेजारी उभा असायचो आणि मलाही वाटायचं की हे मीच बांधलंय. त्या घरात एकच माणूस तो संडास वापरायचा नाही, आणि ती म्हणजे माझी आई, स्तामेना. ती परसाच्या टोकाला, आलुबुखाराच्या झाडाखाली असलेल्या जुन्या लाकडी संडासात जायची. पावसात जायची, बर्फात जायची, ताप असला तरी डोक्याला रुमाल गुंडाळून जायची. गल्लीतल्या बायका हसायच्या. शाळेत पोरं मला विचारायची, "तुझ्या आईला साखळी ओढायची भीती वाटते का रे?" मी त्यांच्याबरोबर हसायचो. आई डोंगरातल्या खेड्यातली, तिला नव्या गोष्टींची सवय नाही, असं बाबा सांगायचे, आणि मी ते जसंच्या तसं पुढे सांगायचो. पण हिवाळ्यात सकाळी उठून बाबाच फावडं घ्यायचे आणि स्वयंपाकघराच्या दारापासून त्या संडासापर्यंतची वाट बर्फातून मोकळी करायचे, मोठ्यानं शिव्या देत. काम झालं की फावडं भिंतीला टेकवून आत यायचे आणि कॉफी प्यायचे. आई आभार मानायची नाही, आणि तेही काही बोलायचे नाहीत. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकदाही प्रश्न आला नाही. बाबा गेले त्या हिवाळ्यात ते फावडं मी हातात घेतलं, इतकंच.

ट्रॅममध्ये उभा असताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली, आणि मग ती जाईचना. गुडघे गेल्यापासून आई माझ्याकडे राहते, बेलग्रेडच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर. माझी बायको नोवी साद शहरात तिच्या बहिणीकडे असते, ते वेगळंच प्रकरण आहे, त्यामुळे आम्ही दोघंच. आणि या फ्लॅटमधला संडास आई पहिल्या दिवसापासून वापरते. अगदी सहज. आत जाते, कडी लावते, पाणी सोडते, हात धुते, बाहेर येते. ज्या बाईला आयुष्यभर सवय होत नव्हती, तिला एका दिवसात सवय कशी झाली? हे माझ्यासमोर रोज घडत होतं. माणसाला आपल्या आईबद्दल इतकं कमी कसं दिसू शकतं, असं मला वाटलं आणि मी एक स्टॉप पुढे गेलो.

एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझी घाई कुणाला कळायची नाही. ते घर मी आईसाठी बांधायला काढलं होतं. इमारतीला लिफ्ट नाही. गेल्या शरद ऋतूत ती वर चढली ती पुन्हा खाली उतरलीच नव्हती. खिडकीशी बसून ती खालच्या ट्रॅम बघायची, आणि मला वाटायचं, म्हातारीला मी पिंजऱ्यात ठेवलंय. जुन्या घराच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या, फरशी खचली होती, म्हणून मी ठरवलं की ते पाडायचं आणि तिथं लहानसं, एकमजली, उंबरा नसलेलं घर बांधायचं. मरण्याआधी आईच्या पायाखाली पुन्हा माती आली पाहिजे आणि ती तिथं सुखानं राहिली पाहिजे. दुसरं काही मला नको होतं. तिला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली होती. आणि मी दुसऱ्या दिवशी मिस्त्री गाठला.

घरी पोचलो तर आई बोरिवोयबरोबर पत्ते खेळत होती. बोरिवोय समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, ट्रॅम चालवायचा, आता निवृत्त आहे आणि रोज येऊन हरतो. मी कोटही न काढता विचारलं, "आई, आपल्या टाकीच्या जागी विहीर होती?"

"होती म्हणजे? विहिरीचीच टाकी केली." तिनं पत्ता टाकला. "तुझी पाळी, बोरिवोय. आणि माझ्या हातात डोकावू नकोस, म्हाताऱ्या."

"आणि म्हणून तू आतला संडास वापरत नव्हतीस?"

"मग तुला काय वाटलं, मला बसता येत नव्हतं?"

बोरिवोयला हसू आवरेना. "अरे, माझ्या गावी आमच्या गल्लीत तर सगळ्यांनीच तसं केलं," तो म्हणाला. "नळ आला, विहिरी ओस पडल्या. आयता खड्डा समोर असताना दुसरा खणायचा कुणी? त्या वेळी तो शहाणपणा वाटला होता. मग उन्हाळ्यात सगळी गल्ली नाकाला रुमाल लावून फिरायची."

आईनं हातातले पत्ते मिटवले. "ती विहीर मला सासूनं दिली होती," ती म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पाहुण्यांच्या हातांवर मी पाणी घातलं, रीतच आहे. पाहुणे गेल्यावर सासूनं दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाली, पोरी, आजपासून ही तुझी, हिला जप. दुसरं त्या घरात मला काही मिळालं नव्हतं. कपड्यांची पेटीसुद्धा माहेरची होती. तुझ्या वेळी माझे पाय सुजले म्हणून मला लवकरच दवाखान्यात ठेवलं. तुला घेऊन परत आले तर अंगणात विहीर नाही. सिमेंट! तुझा बाप दारातच उभा. त्यानं माझे डोळे झाकले आणि मला आत नेलं. हिरव्या फरश्या. म्हणाला, ओढ, साखळी तूच ओढ पहिल्यांदा. मी म्हटलं, हे जातं कुठं? तो म्हणाला, विहिरीत. असा हसला, आता काय सांगू तुला. रात्ररात्र खपला होता तो त्यासाठी."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? हातात तू होतास, आणि ओलं केलं होतंस मला. तुझे कपडे बदलले आणि मागं गेले, झाडाखालच्या संडासात. त्याला कळलं. पुन्हा त्यावर तो कधी बोलला नाही, मीही नाही."

मी खुर्चीत बसलो. मला बाबांची आधी दया आली, हे सांगायला हवं. रात्र रात्र जागून हिरव्या फरश्या बसवणारा तो तरुण माणूस माझ्या डोळ्यांसमोर आला, बायको घरी यायच्या आत काम संपवायची त्याची धांदल, आणि मग सकाळी सकाळी फावडं घेऊन बर्फात उभा असलेला तोच माणूस, म्हातारा झालेला. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण तो शब्द त्याला बहुधा सापडला नाही. आमच्या घरातल्या पुरुषांना प्रश्न विचारण्यापेक्षा खणणं सोपं जातं. मग आईकडे पाहिलं. तिचे हात पत्त्यांवर पडले होते, आणि त्यांवर म्हातारपणाचे डाग होते. मला अचानक फार बरं वाटलं, कारण सगळं सोपं झालं होतं. नवी टाकी प्लास्टिकची आहे, अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसणार आहे. विहिरीत आता काही जाणार नाही. म्हणजे आईची अडचण संपली. ती येईल आणि राहील.

"मला बघायचीय," आई म्हणाली.

बोरिवोय आणि मी तिला खुर्चीसकट खाली नेलं. तो पुढे, मी मागे. "तिसरा मजला!" प्रत्येक वळणावर बोरिवोय ओरडायचा. "उतरणाऱ्यांनी घाई करा, दारं बंद होताहेत!" आई त्याच्या डोक्यावर टपली मारून म्हणायची, "गाडी नीट चालव, नाहीतर तक्रार करीन." इतके महिने मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. खरं तर रोज दुपारी ती अशीच हसत असेल, मी घरी नसताना. हे मला जिन्यात, खुर्चीचा पाय हातात धरून घामाघूम झालेला असताना सुचलं, आणि मला ते आवडलं नाही. पुढे गाडीत आम्ही दोघंच होतो, आणि पुलावरून जाताना आई नदीकडे बघत होती. मी तिला नव्या घराबद्दल सांगत होतो, आणि ती मधून मधून "बरं" म्हणत होती.

घर नव्हतं तिथं. घर नाही हे मला माहीत होतं, तरीसुद्धा मी दार शोधत होतो. जिथं स्वयंपाकघर होतं तिथं दोऱ्या ताणून पाया आखला होता. स्रेतेननं आईला हात धरून खड्ड्यापर्यंत नेलं आणि खुर्ची ठेवली. "या आजी, ही तुमची पाहुणी. सकाळपासून आम्हाला दमवतेय." त्यानं जुन्या न्हाणीघरातल्या आरशाचा तुकडा उचलला, उन्हाकडे धरला आणि उजेड आत सोडला. मीही वाकलो. वास येत होता, जुना, ओला, फार वाईट नव्हे. काळपट विटांची वेटोळी खाली खाली गेली होती, इतकी नीट, आणि तळाशी उजेडाचा एक तुकडा हलत होता. इतकी वर्षं आम्ही तिच्यात सगळं सोडलं, आणि पाणी खालून येतच राहिलं. मला विचित्र वाटलं. कुणीतरी बंद दारामागे सगळा वेळ जागं होतं आणि आपण बाहेर मोठ्यानं बोलत होतो, असं काहीतरी.

"पाणी वर आलंय," आई म्हणाली.

"मग काय करू, आजी?" स्रेतेननं विचारलं. "भरू?"

"भर, भर," मी म्हणालो. "ट्रक केव्हाचा उभा आहे."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्यानं मला विचारलं, वितो."

"अगं, मी आपलं..."

"त्यानं मला विचारलं."

स्रेतेन पायानं माती उकरत उभा राहिला. टँकरवाल्यानं सिगारेट पेटवली. माझे कान तापले. आई पुन्हा पाण्याकडे बघायला लागली. शेवटी ती म्हणाली, "भर. पिऊन तर कुणी बघणार नाही आता. वरपर्यंत एक नळी तेवढी सोड, तिच्या श्वासाला."

"सोडतो की. विहीर तशीच कोंडून बुजवली तर अपशकुन होतो म्हणतात, माझी बायको मला घरात घ्यायची नाही," स्रेतेन म्हणाला, आणि ट्रककडे गेला.

सुटलो, असं मला वाटलं. मी आईला उठवलं, तिचा दंड धरला आणि दोऱ्यांमधून चालवत नेलं. "ही तुझी खोली. खिडकी इकडे, झाडाकडे. आणि इथं न्हाणीघर. एवढं मोठं! मुद्दाम सांगितलं नव्हतं तुला. भिंतीला सगळीकडे दांडे असणार आहेत, धरून उठायला, बसायला. पाय घसरायचा नाही. आणि फरशी मी स्वतः निवडली, आई." मी हसत होतो. माझ्या हसण्याचा आवाज मलाच ऐकू आला. आई न्हाणीघराच्या मध्यभागी, म्हणजे मातीत, उभी होती आणि परसाच्या टोकाकडे बघत होती.

"माझा संडास कुठाय?"

"तो पाडला. पहिल्याच दिवशी! आता कशाला लागतोय तुला?"

"त्याला आतून कडी होती," आई म्हणाली.

"काय?"

"कडी होती. घरात कुठल्याच दाराला नव्हती. तुझ्या बापाला बंद दारं आवडायची नाहीत. तिथं मी कडी लावून बसायचे. हाक मारली कुणी, तरी ओ द्यायची नाही. उन्हाळ्यात तर कितीतरी वेळ. आधी रागानं जात होते, मग राग गेला. पण जायचे मात्र मी."

झाडाखाली जमिनीवर एक चौकोनी डाग होता, तेवढाच. मी फार उशिरा, आणि फार हळू आवाजात विचारलं, "आई, तुला इथं राहायला यायचंय ना?"

"नाही रे."

"मग तू बरं का म्हणालीस?"

"तू सांगत होतास. विचारत कुठं होतास?" ती माझ्या दंडावर टेकली. तिचं सगळं वजन माझ्यावर आलं, आणि ते फारच थोडं होतं. "मला तिथं आवडतं. ट्रॅम जातात. तो म्हातारा येतो. पायांचं काय, पाय कुठंही दुखणारच. रागावू नकोस."

मी रागावलोच होतो. रागावलो होतो, आणि लाजही वाटत होती. मागे ट्रकचा हौदा उचलला गेला आणि आमच्या घराच्या भिंती धडाधड विहिरीत पडायला लागल्या. धूळ उडाली. त्यात मध्येच एक हिरवा तुकडा चमकला आणि आत गेला. स्रेतेन मोजपट्टी घेऊन, खोकत खोकत आमच्याकडे आला.

"आजी, आल्याच आहात तर दांड्यांची उंची घेऊन टाकतो. असा हात पुढे करा बघू, धरल्यासारखा."

"माझी कशाला?" आई म्हणाली. "ह्याची घे. आता इथं हाच म्हातारा होणार आहे."

स्रेतेननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यानं मोजपट्टीचं टोक जमिनीवर पायाखाली धरलं आणि पट्टी माझ्या कमरेपर्यंत वर ओढली. "करा हात पुढे, वितोमिरभाऊ," तो म्हणाला. "कुठं धरणार?" मी हात पुढे केला, आणि तो तसाच पुढे राहिला.